पार्वतीबाईंची बाटली

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर पाटसचं. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी आली की त्यांची नजर आधी मोळीच्या पोटात जायची, पाचट किती कोंबलंय ते बघायला. आईचंही तेच. मेथीची जुडी सोडून आतल्या काड्या बघितल्याशिवाय ती भाजीवाल्याला पुढं जाऊ द्यायची नाही. अशा घरात वाढलेल्या पोरीशी कुणी गोड बोललं की तिला पहिली शंका येते, याला काय पाहिजे असेल?

लग्न होऊन मी शिरूर तालुक्यात आले, केंदूरच्या रस्त्यावरच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, का ते पुढं कळेलच. तर या गावात मला माझ्यापेक्षा संशयी बाई भेटली, ती म्हणजे पार्वतीबाई. फरक एवढाच की मी माणसांवर संशय घेते आणि त्या पाण्यावर.

पार्वतीबाई भीमनगरात राहतात. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं किडकिडीत, चालणं मात्र असं की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. त्यांचे यजमान बन्सीभाऊ ग्रामपंचायतीत पाणी सोडायचे. टाकीत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची, मग गावाच्या शेवटच्या नळाला जाऊन पाणी तपासायचं, हे काम दोघं नवराबायको मिळूनच करत. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात पावडर पोचलीय, नाही झालं तर नाही. बन्सीभाऊ गेले, त्यानंतर दोनेक वर्षांनी गावोगाव पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग देऊन तपासणीच्या पेट्या दिल्या. आमच्या गावातल्या चौघींनी पेट्या माळ्यावर टाकल्या. पार्वतीबाई मात्र पेटी पिशवीत घालून आजही दारोदार फिरतात.

त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीची विहीर वेगळी होती. पाणी इतकं नितळ की तळातला खडा न् खडा मोजावा. त्याच पाण्यानं त्यांचा धाकटा भाऊ दोन दिवसांत गेला. तेव्हापासून पाणी जितकं नितळ तितकं त्यांना खोटं वाटतं. एका लग्नात जेवायला बसल्यावर त्यांनी जारचं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले. रंग आला नाही. त्यांनी भर पंगतीत सांगितलं, "ह्ये पिऊ नगा." नवरदेवाकडचे लोक हातघाईवर आले. पार्वतीबाई नळी धुऊन शांतपणे परत पत्रावळीवर बसल्या. गावात त्यांची टिंगल चालते, पण नळाला गढूळ पाणी आलं की सगळी आळी त्यांच्याच दाराशी उभी असते.

वर्षातून दोनदा तालुक्याहून माणसं येतात आणि गावाच्या पाण्याची तपासणी करून कार्ड देतात. लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे मधलं, हिरवं म्हणजे चांगलं. बन्सीभाऊंच्या आजारपणात कुणी टाकीकडं बघितलं नाही आणि आमच्या गावाला लाल कार्ड मिळालं. गावाचं नाव न सांगण्याचं हे एक कारण. पार्वतीबाईंनी पेटी हातात घेतल्यावर ते पिवळं झालं, मग हिरवं. ते हिरवं कार्ड ग्रामपंचायतीत काचेत लावलंय आणि फोटोत सरपंच आहेत.

आता आमच्या घराकडं वळते. माझे सासरे हौसराव, मी त्यांना मामंजी म्हणते, सोसायटीचे चेअरमन. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चाला. मामंजींनी बंगल्यामागं पंचवीस बाय बाराचा स्विमिंग टँकच बांधून घेतला. त्याला ते टँक म्हणतात, सासूबाई हौद म्हणतात. चेअरमनला अर्ध्या चड्डीवर गावानं बघू नये म्हणून वर पत्रा आणि चारी बाजूंनी हिरवी जाळी.

टँक बांधणाऱ्या पुण्याच्या माणसानं क्लोरीनच्या पावडरीचं पोतं दिलं आणि तपासायचा डबा दिला. नळीत पाणी घ्यायचं, खुणेपर्यंत, त्यात गोळी टाकायची. पाणी गुलाबी होतं. तो गुलाबी रंग कार्डावरच्या रंगांशी ताडायचा. एक ते तीन आकडा आला की ठीक. हे रोज कोण करणार? मामंजी म्हणाले, "पारूला बोलवा. गावाचं पाणी बघती, आपलं बी बघंल."

त्या रोज सकाळी नऊला येऊ लागल्या. त्यांची पद्धत बघण्यासारखी. वरवरचं पाणी घ्यायच्या नाहीत, हात कोपरापर्यंत बुडवून खालचं घ्यायच्या. नळीमागं वहीचा कोरा कागद धरून रंग बघायच्या. मग बादलीत पावडर विरघळवून ती कडेकडेनं सोडायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. पुण्याच्या माणसानं रोज एक मग पावडर सांगितली होती. या टाकायच्या दोन चमचे. मी विचारलं तर म्हणाल्या, "पत्रा हाय वैनी, ऊन लागत न्हाई. औषध उडतच न्हाई, तर जास्ती कशाला टाकायचं?"

उत्तर गोड नव्हतं, तरी मला शंका आलीच. मग दोन चमचे टाकायची, तर उरलेली पावडर जाते कुठं?

त्यातून ती बाटली. त्यांच्या कापडी पिशवीत पेटी असायची, वही असायची आणि एक हिरवी, लिटरभराची, घट्ट झाकणाची बाटली. येतानाही जड, जातानाही जड. पावडर पाण्यात विरघळली की दिसत नाही, हे मला बादलीत दिसतच होतं. माझ्या डोक्यात मोळीतलं पाचट वळवळू लागलं.

आमच्या घरी त्यांना चहा मिळायचा. कान तुटलेल्या कपात. तो कप बाहेरच्या मोरीच्या कोनाड्यात पालथा असायचा, भीमनगरातलं कुणी आलं तरच तो उचलला जायचा. पाणी द्यायचं तर सासूबाई तांब्यानं ओंजळीत वरून ओतायच्या. मी आले तेव्हापासून घराची रीत तीच होती आणि मला त्यात कधी काही खुपलं नाही. मला खुपत होती ती बाटली.

फाल्गुनात पार्वतीबाई तीन दिवस दौंडला गेल्या, लेकीकडं, गौतमीकडं. जाताना सांगून गेल्या, "तीन दिस काय बी टाकू नगा. पाण्यात हाय तेवढं पुरंल." मला वाटलं, हीच संधी. दुपारी सगळी कलंडली की मी जाळीतून आत जायची आणि पोत्यातली मगभर पावडर टँकमध्ये सोडायची. घरातल्या गड्यांच्या कामात सुनेनं हात घातलेला मामंजींना खपत नाही, म्हणून कुणाला बोलले नाही. म्हटलं, बाई आल्यावर बघू, पाणी किती गुलाबी होतंय. म्हणजे रोज किती कमी पडत होतं ते उघडं पडेल.

सोमवारी त्या आल्या. नळीत गोळी टाकली. पाणी पांढरंच.

त्यांनी दुसरी गोळी टाकली. पांढरंच. वहीत लिहिलं, शून्य. त्यांना त्यात नवल वाटलं नाही, तीन दिवस कुणी काही टाकलं नाही असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी चमचे सोडून मग भरला. मंगळवारी परत शून्य, परत एक मग. बुधवारीही शून्य. मीही दुपारचा माझा मग चालूच ठेवला होता.

इकडं मामंजींचे डोळे लाल झाले, पापण्या सुजल्या. अंगाला खाज सुटली. निळी चड्डी विटून राखाडी झाली. आणि मिशी. मामंजी मिशीला कलप लावतात, घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. ती काळीभोर मिशी चार दिवसांत तांबूस झाली. त्यांनी न्हाव्याला बोलावून झापलं, कलप भेसळीचा आहे म्हणून. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. शिरूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि म्हणाले, पाण्यात काहीतरी आहे, बघून घ्या.

बुधवारी पार्वतीबाईंनी मला जाळीपाशी गाठलं. "वैनी, रागावू नगा. पाण्यात कुणी काय टाकतं का?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत म्हटलं, "आम्ही कशाला टाकू?"

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले असेन. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. माझं गणित मात्र पक्कं झालं होतं. मी रोज मगभर टाकतेय, ही बाईपण टाकतेय, आणि रंग नाही. म्हणजे पोत्यात क्लोरीन उरलेलंच नाही. खरी पावडर बाटलीतून भीमनगरात गेली आणि पोत्यात भरलाय चुना. मी माझ्या मगाचं सोडून बाकी सगळं मामंजींना सांगितलं. त्यांना ते इतक्या पटकन पटलं की मला बरंच वाटलं. जरा थांबून विचार करायला हवा होता.

आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा होता, तो मला फार उशिरा सुचला. त्या वहीत रोज शून्य लिहीत होत्या. दोन लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? चोर स्वतःच्या हातानं असा पुरावा लिहून ठेवत नाही.

गुरुवारी नऊला मामंजी काळा चष्मा लावून टँकच्या कडेला खुर्चीत बसले होते. सासूबाई दाराच्या उंबऱ्यात. मी मधे. पार्वतीबाई आल्या तशा मामंजी म्हणाले, "पारू, पिशवी दाव."

त्या कट्ट्यापाशी गेल्या. मग पिशवी उपडी न करता एकेक वस्तू काढून कट्ट्यावर मांडली. पेटी, वही, पेन, भाकरीचं फडकं, बाटली.

मी बाटलीवर बोट ठेवलं. "यात काय आहे?"

"पाणी."

"आमच्याकडं पाण्याचा तोटा आहे का? घरून हे ओझं कशाला वाहता?"

पार्वतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. नळीत रंग येतोय का ते बघतात, तसं पाहिलं. मग मोरीच्या कोनाड्यातल्या पालथ्या कपाकडं पाहिलं.

"पयल्या आठवड्यात एकदाच पाणी मागितलं हुतं वैनी. आक्कांनी वंजळीत वरनं वतलं. त्या दिसापास्नं घरनं आणते. लोकांच्यात जाते तिथं तपासून पिते. हितं तपासायला पेला तरी कुणी दिला का?"

माझीही नजर तिकडं गेली. त्या कपाला मी बारा वर्षं रोज बघत होते.

मामंजींनी घसा खाकरला. "त्ये ऱ्हाऊ दे. त्यात पाणीच हाय कशावरनं?"

पार्वतीबाईंनी झाकण काढलं, दोन घोट घेतले आणि बाटली परत कट्ट्यावर ठेवली.

"आप्पा, म्या तुमची पावडर नेली आसं म्हनायचं आसंल तर सरळ म्हना. पर येक ध्यानात घ्या. आज माज्या नावावर चोरी लागली, तर उद्या म्या नळाचं पाणी पिऊ नगा म्हनून सांगितलं, तर कोण ऐकणार? चोर बाई काय बी सांगती म्हनतील आन् पितील. म्हनून ह्येचा निकाल आजच लावायचा. आत्ता."

त्यांनी नळी घेतली, गोळी घेतली आणि मला जवळ बोलावलं. "वैनी, डोळं झाकू नगा. नीट बघा." टँकचं पाणी भरून गोळी टाकली. मी बघत होते म्हणून दिसलं. गोळी पडल्या पडल्या तिच्याभोवती एक गुलाबी धार उमटली आणि पापणी लवायच्या आत विझली. पाणी पांढरं.

"कालपास्नं म्या ह्येच बघतीय," त्या म्हणाल्या. "औषध नसतंच, तर तेवढं बी झालं नसतं. काल रातच्याला कालवण लई तिखट झालं, तवा डोक्यात आलं. तिखट लईच झालं की जीभ बधिर हुती, मग तिखट हाय का न्हाई त्येच कळत न्हाई. गोळीची बी जीभ बधिर झालीया का काय, ते बघू. आमटी खारट झाली की पाणी घालून चाखतो, तसं करू. जरा चांगलं पाणी लागंल."

सासूबाई उठल्या. सवयीनं तांब्या उचलला. "थांब, वरनं वतते."

"नगं आक्का," पार्वतीबाई म्हणाल्या. "माजं हाय."

नळीला दहा खुणा होत्या. पहिल्या खुणेपर्यंत त्यांनी टँकचं पाणी घेतलं. वरच्या नऊ खुणा आपल्या बाटलीतल्या पाण्यानं भरल्या. गोळी टाकली, बूच लावलं, नळी उलटीसुलटी केली आणि वहीचा कोरा कागद मागं धरला.

पाणी गुलाबी झालं. जास्वंदीसारखं, आणि तसंच राहिलं.

त्यांनी कार्डाशी रंग ताडला. "तीन. आन् ह्ये दहा पट पातळ केल्यालं. म्हंजी टँकात तीस हाय. तीनाच्या वर जायला नगं, तिथं तीस." मामंजींच्या चष्म्याकडं बघत म्हणाल्या, "आप्पा, तुमी आठवडाभर औषधात भिजताय."

मामंजींचा हात आपसूक मिशीवर गेला.

"म्या सोमवारपास्नं तीन मग टाकलं. ती माजी चूक. रंग न्हाई म्हंजी औषध न्हाई, ह्येच सारा जलम शिकले. नळाला कवा जास्ती झालंच न्हाई, तर ठावं कुठनं आसणार? पर तीन मगात तीस व्हत न्हाई." त्यांनी आम्हा तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "बाकीचं कुणी टाकलं?"

सांगायला नको, पण सांगते, त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार गप्प बसायचाच आला. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर संशय त्यांच्याच पिशवीत परत गेला असता. पण त्या हिरव्या बाटलीकडं नजर गेली आणि मला माझीच किळस आली.

"मी," मी म्हटलं. "तुम्ही दौंडला गेलात तेव्हापासून. रोज दुपारी एक मग. आणि काल मी तुमच्याशी खोटं बोलले."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मामंजींनी काळा चष्मा काढला. डोळे टोमॅटोसारखे लाल.

"म्या बी," ते म्हणाले. "पारू दौंडला गेल्यापास्नं, पहाटं चालायला उतरायच्या आधी, येक मग. ती हात आखडता घेती आसं वाटलं. कुणाला सांगितलं आसतं तर तिच्या कानावर गेलं आसतं."

सासू आणि सून म्हणून आमचं फारसं कधी पटलं नाही, पण त्या दिवशी सासूबाई जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "दोघांनी मिळून हौदात इख कालवलं, आन् नाव तिच्यावर घालायला बसला हुता व्हय?"

पार्वतीबाईंनी पेन उचललं. वहीत आकडा लिहिला, तीस. मग पुढचं सांगू लागल्या, जणू काही झालंच नाही. टँकचं पाणी उसाला सोडू नका, पिवळा पडेल. पाण्यात कुणी उतरू नका. पत्रा आणि जाळी काढून टाका, ऊन लागू द्या, आपोआप उतरेल. आणि पोत्याला कुलूप लावा, किल्ली माझ्याकडं.

पत्रा निघाला. जाळी निघाली. नऊ दिवसांनी आकडा तीनावर आला आणि मामंजी परत पाण्यात उतरले, तेव्हा दूध घालायला जाणाऱ्या सगळ्या गावानं चेअरमनला कलप सुटलेल्या पांढऱ्या मिशीसह राखाडी चड्डीवर बघितलं. पत्रा परत घालायचं त्यांनी काढलं नाही. मीही आठवण केली नाही.

मी पार्वतीबाईंची माफी मागितली. त्या "व्हय" म्हणाल्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी येणार नाहीत असं मला वाटलं होतं. नऊला आल्या, बाटलीसकट.

कोनाड्यातला कप सासूबाईंनी कधी टाकून दिला ते मला कळलं नाही, एक दिवस तो दिसला नाही एवढं खरं. मी आतल्या मांडणीवरचा स्टीलचा पेला घासून, भरून रोज कट्ट्यावर ठेवू लागले. पार्वतीबाई काम करायच्या. मग पेल्यातलं थोडं पाणी नळीत घेऊन तपासायच्या, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहायच्या आणि आपली बाटली उघडून पाणी प्यायच्या. पेला होता तसा राहायचा.

असं महिनाभर चाललं. शेवटी मला राहवलं नाही. "पार्वतीबाई, आमच्या पाण्यात अजून काही खोट आहे का?"

"पाण्यात काय न्हाई. रंग बरोबर येतोय."

"मग?"

त्यांनी वहीचं मागचं पान माझ्यापुढं धरलं. रोजची तारीख, पाण्याचा आकडा, आणि त्यापुढं एकच शब्द. आतला. आतला. आतला. मधे एके दिवशी मी माहेरी गेले होते, तिथं लिहिलं होतं, पेला न्हाई.

"लाल कार्डाचं हिरवं येका दिसात व्हत न्हाई वैनी," त्या म्हणाल्या. "सा महिन्यांनी परत तपासणी आसती. तवा बघू."

मी पेला उचलला. शिळं पाणी झाडाला ओतलं आणि ताजं आणायला आत गेले.